दिवाणखान्यातला खांब : नव्या घरात जुनी वस्तू येते कोठून?

पुण्या-मुंबईच्या नव्या सदनिकांत काचेचे मेज, राखाडी सोफा आणि त्याच्या शेजारी कोरीव सागवानी खांब ही मांडणी आता नवलाची राहिलेली नाही. कुठे वाड्याच्या दाराचे मेज होते, कुठे पितळी समईवर विजेचा दिवा बसतो. हा मेळ डोळ्यांना सुखावतो, यात शंका नाही. पण छताचा भार वाहण्यासाठी घडवलेला खांब सुटा होऊन बाजारात आला कसा?

याचे एक कारण वाड्याच्या बांधणीतच आहे. पेशवेकालीन वाड्याचे जोते दगडी आणि भिंती विटांच्या असल्या, तरी घराचा भार मुख्यतः लाकडी सांगाड्यावर असे. दगडी तळखड्यावर खांब, खांबावर तुळई, आणि हे सारे खाचा-खोबणींनी एकमेकांत गुंतवलेले. त्यामुळे वाडा पाडला की भिंतींचा ढिगारा होतो. लाकूड मात्र अखंड उतरवता येते.

दुसरे कारण विसाव्या शतकातले. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली. अनेक बिऱ्हाडांच्या वाड्यांत त्या उत्पन्नातून डागडुजीही भागेना. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि मुठाकाठच्या पेठांतील कित्येक वाडे कोसळले. उरलेल्यांपैकी अनेकांच्या जागी पुढे सदनिकांच्या इमारती उभ्या राहिल्या. खांब, चौकटी, गणेशपट्ट्या जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्यांकडे गेल्या. म्हणजे ज्या बांधकामाने वाडा गिळला, त्याच्याच दिवाणखान्यात वाड्याचा तुकडा शोभेला आला.

या वाताहतीच्या कितीतरी आधी, १९२० च्या सुमारास, दिनकर गंगाधर केळकर यांनी संग्रहाला आरंभ केला होता. दिवे, अडकित्ते, दौती, कुलपे, कोरीव दारे अशा घरोघरच्या वस्तू त्यांनी जमवल्या. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता करणाऱ्या या गृहस्थाने हजारो वस्तूंचा अज्ञातवास संपवला, असे खुशाल म्हणावे. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेषही त्यांनी आणून पुन्हा उभारले. अकाली गेलेल्या राजा या मुलाचे नाव संग्रहालयाला दिले आणि १९७५ मध्ये सारा संग्रह राज्य शासनाच्या स्वाधीन केला.

जुन्या-नव्याच्या सरमिसळीने ‘अस्सल मराठी’ रूप बिघडते, हा आक्षेप मात्र टिकत नाही. वाड्यातला सुरूदार खांब हाच मुळात मुघल वास्तुशैलीतून आलेला. त्याच्या सावलीत लोड-तक्क्यांची बैठक असे, आणि कालांतराने वर विलायती काचेच्या हंड्या-झुंबरेही लटकली. एकोणिसाव्या शतकात त्याच दालनांत खुर्च्या आल्या.

खरी हानी निराळी आहे. संग्रहालयातल्या महालाला मूळ गावाचे नाव आहे; बाजारातल्या खांबाला बहुधा नसते. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. पण तो खांब कोणत्या पेठेतल्या कोणाच्या वाड्यातून निघाला, ते वस्तूबरोबर लिहून ठेवणे विकणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या हाती असते. एवढी एक ओळ नसेल, तर अभ्यासकाला त्या खांबावरून लाकूड आणि कोरीवकाम यांपलीकडे फारसे काही सांगता येत नाही.