इंद्रावतीपलीकडच्या शाळा



गडचिरोली जिल्ह्याच्या कडेनं इंद्रावती नदी वाहते. अलीकडे महाराष्ट्र, पलीकडे छत्तीसगडचा बस्तर. दोन्ही काठांवर गोंडी बोलतात, सोयरिकी जुळतात. पलीकडे २००५ नंतर शाळांचं काय झालं, ते आज आपण समजून घेऊ.

जून २००५ मध्ये बिजापूर भागात 'सलवा जुडूम' सुरू झालं. ही माओवाद्यांविरुद्धची मोहीम होती आणि तिला सरकारचा पाठिंबा होता. गावंच्या गावं उठली. कुणाला रस्त्याकडेच्या शिबिरात आणलं, कुणी रानात लपलं, कुणी आंध्रच्या खम्ममकडे गेलं. तिथल्या शाळेत फळ्यावर तेलुगू, पोराच्या तोंडी गोंडी. शाळा समोर असूनही दार बंदच.

आडगावात पक्की इमारत बहुधा एकच असते, ती शाळेची. म्हणून सुरक्षा दलांनी शाळांत मुक्काम केला. जवान इथे राहतात, असं म्हणत माओवाद्यांनी शाळा पाडल्या. भांडण मोठ्यांचं, छप्पर गेलं लेकरांचं.

जानेवारी २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शाळा आणि वसतिगृहं रिकामी करायला सांगितलं. त्याच वर्षी ५ जुलैला आणखी एक निकाल आला. जेमतेम पाचवी शिकलेल्या आदिवासी तरुणांना महिना तीन हजारांवर 'विशेष पोलीस अधिकारी' करून हाती बंदूक देणं घटनेच्या विरुद्ध आहे, असं न्यायालयानं ठरवलं. म्हणजे बघा, ज्यांचं शिक्षण अर्ध्यात सुटलं, त्यांनाच लढाईत पुढे केलं गेलं.

पुढे सरकारनं बांबूच्या निवासी शाळा उभारल्या. तिथे जेवण मिळालं, अक्षर मिळालं, पण लहान लेकरं आईपासून लांब गेली. काही गावांत स्थानिक तरुण 'शिक्षादूत' होऊन झोपडीत वर्ग घेऊ लागले. त्यातल्या काहींना माओवाद्यांनी ठार मारलं.

सुकमा जिल्ह्यातल्या जगरगुंड्याची शाळा २०१९ मध्ये तेरा वर्षांनी पुन्हा भरली. घंटा वाजली, आनंदच आहे. पण सहा वर्षांची मुलगी तेरा वर्षांत एकोणीसची होते. तिची पहिली तिला कोण परत देणार?

यातून आम्ही एवढं शिकलो, की शाळा पडायला एक रात्र पुरते आणि भरायला पिढी लागते. आपल्याकडे बंदुकीची भीती नसेल. पण तंटा, दुष्काळ, ऊसतोडीचं स्थलांतर, यातही पहिलं दप्तरच खाली ठेवलं जातं. आणि बहुतेक वेळा ते मुलीचं असतं.

शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. तेव्हा गटाच्या पुढच्या बैठकीत बचतीच्या हिशेबासोबत आणखी एक हिशेब मांडू या: गावातलं कुठलं लेकरू शाळेत येत नाही, आणि का?