घोडदळाची पावसाळी छावणी

मोहिमेवरून परतलेल्या घोडदळास पावसाळ्यात एका ठिकाणी ठेवून, विश्रांती व पोषण देऊन पुढील मोहिमेसाठी पुन्हा सज्ज करण्याची मराठ्यांच्या लष्करातील व्यवस्था. मराठ्यांच्या युद्धतंत्राचा विचार करताना घोडदळाच्या वेगाचा उल्लेख सर्वत्र आढळतो. हा वेग मात्र चार महिने थानावर बांधलेले जनावर पुन्हा किती काळजीपूर्वक कामास लावले जाते यावर अवलंबून असे.

सभासद बखरीत या व्यवस्थेचे वर्णन आले आहे. पर्जन्यकाळी लष्कर स्वदेशी छावणीस येई. तेथे घोड्यांसाठी दाणा, वैरण, औषधे व शाकारलेल्या पागा आधीच सिद्ध ठेवलेल्या असत. दसऱ्यास कूच होई. त्या वेळी प्रत्येकाजवळील चीजवस्तूंची नोंद घेतली जाई आणि परतल्यावर तीवरून झडती होई. आठ महिने परमुलखात काढून वैशाखाच्या सुमारास सैन्य माघारी येई. पागेत सरकारी घोड्यावरील बारगीर व स्वतःचा घोडा बाळगणारा शिलेदार असे दोन वर्ग होते. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार असून तितक्याच घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद नेमलेला असे. शिलेदाराचा घोडा निकामी झाला, की त्याची उपजीविकाच बुडे.

विश्रांतीमुळे घोड्याची झीज भरून निघते, पण त्याची कार्यक्षमता घटते. काम थांबल्यावर दम कमी होतो, स्नायू सैल पडतात आणि खोगीर व तंग यांखालील कातडी मऊ होते. चिखलात सतत उभे राहिल्याने खूर ओले होऊन कुजतात. खूर महिन्याला साधारणतः सहा ते दहा मिमी. वाढत असल्याने चार महिन्यांत त्याचा आकार बिघडतो. त्यामुळे कामास लावण्यापूर्वी खूर तासून नवे नाल ठोकणे आवश्यक असते. बसून असलेल्या घोड्यास पूर्ण दाणा देत राहिल्यास व नंतर त्यास एकदम धावण्यास लावल्यास पुठ्ठ्याचे स्नायू ताठरून तो जागीच अडतो. यासाठी विश्रांतीत दाणा कमी करून वैरणीवर भर द्यावा लागतो आणि श्रम वाढतील तसा दाणा वाढवावा लागतो.

पुनःसिद्धतेचा क्रमही ठरलेला असतो. प्रथम काही आठवडे केवळ कदमचाल, नंतर थोडी थोडी दुडकी, त्यानंतर चढउतारावरील रपेट आणि अखेरीस चौखूर धाव, असा तो क्रम होय. दम व स्नायू काही आठवड्यांत पूर्ववत होतात. पायांच्या शिरा व हाडे यांना मात्र अनेक महिने लागतात. घोडा टवटवीत दिसू लागला म्हणजे तो तयार झाला, असे मानण्यात धोका असतो, तो यामुळेच.

छावणीतील हलगर्जीपणाचे परिणाम कोणास भोगावे लागतात, हे छत्रपती शिवाजी महाराजांच्या (१६३०–८०) एका प्रसिद्ध पत्रावरून स्पष्ट होते. राज्याभिषेकापूर्वीच्या (६ जून १६७४) काळातील हे पत्र चिपळूणजवळ दळवटणे येथे छावणीस असलेल्या लष्करातील जुमलेदार, हवालदार व कारकून यांना उद्देशून आहे. साठविलेला दाणा व वैरण पावसाळा संपेपर्यंत पुरेल अशा बेताने खर्च करावी, आरंभीच उधळल्यास भर पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि त्यांच्या मृत्यूचा दोष लष्कराच्याच माथी येईल, असे त्यात बजावले आहे. लोक मग कुणब्यांच्या घरचे धान्य, गवत, लाकूडफाटा व भाजी ओढून आणतील, रयत परागंदा होईल आणि तिला मोगलांपेक्षा आपलेच लष्कर अधिक जाचक वाटेल, असा इशाराही दिला आहे. गवताच्या गंजीजवळ विस्तव ठेवणे, चिलीम ओढणे, जळती वात उंदराने पळविणे यांसारख्या बारीकसारीक धोक्यांचाही त्यात विचार आहे. घोड्याची निगा व रयतेचे संरक्षण हे एकाच शिस्तीचे दोन भाग आहेत, ही या पत्रातील मूळ दृष्टी होय.

या ऋतुक्रमाचा भूगोलाशी असलेला संबंध उत्तर कोकणातील जव्हार व मोखाडा या डोंगरी तालुक्यांच्या (पालघर जिल्हा, २०१४ पूर्वी ठाणे जिल्हा) उदाहरणावरून लक्षात येतो. नासिक–त्र्यंबककडील घाटमाथा व किनारपट्टी यांमधील हा प्रदेश असून जव्हार सुमारे ४५० मी. उंचीवर आहे. येथे मुकणे घराण्याचे कोळी संस्थान होते. पावसाळ्यात ओढे व नद्या दुथडी भरतात, उतार निसरडे होतात आणि घोडदळाची हालचाल जवळजवळ अशक्य ठरते. नागली, वरई व भात ही येथील मुख्य पिके असल्याने मोठ्या पागेस पुरेल इतका हरभरा स्थानिक रीत्या मिळणेही कठीण असे. शिवाजी महाराज सुरतेच्या पहिल्या स्वारीस जाताना डिसेंबर १६६३ च्या अखेरीस जव्हारजवळील शिरपामाळ येथे थांबले व जव्हारच्या विक्रमशहाने त्यांचे स्वागत केले, असे स्थानिक परंपरा सांगते. जानेवारी १६६४ च्या पहिल्या आठवड्यात सैन्य सुरतेस पोहोचले. तोपर्यंत दसरा होऊन सुमारे तीन महिने लोटले होते. वाटा कोरड्या होत्या आणि घोडी श्रमास सरावण्यास पुरेसा अवधी मिळालेला होता. मोरोपंत पिंगळे यांनी मात्र जून १६७२ मध्ये, पावसाळ्याच्या तोंडावर जव्हार जिंकले. ऋतुक्रम हा सर्वसाधारण नियम होता, अनुल्लंघनीय बंधन नव्हते, हे यावरून दिसते.

अठराव्या शतकात मराठी सत्ता उत्तरेत पसरल्यावर दरवर्षी स्वदेशी परतणे अव्यवहार्य झाले आणि माळव्यासारख्या दूरच्या प्रांतांत छावण्या पडू लागल्या. १७६० च्या मार्चमध्ये निघालेल्या सदाशिवरावभाऊंच्या सैन्याचा पावसाळा चंबळ ते दिल्लीपर्यंतच्या वाटचालीत गेला. ऑगस्टमध्ये दिल्ली व ऑक्टोबरमध्ये कुंजपुरा हाती आले. त्यानंतर मात्र पानिपत येथे नोव्हेंबरपासून सैन्य कोंडले गेले. दाणावैरण संपून असंख्य जनावरे मेली आणि १४ जानेवारी १७६१ रोजी उपासमारीने खंगलेल्या घोड्यांवरून स्वारांना लढावे लागले. पानिपतच्या पराभवास अनेक कारणे असली, तरी घोडदळाचे मुख्य बळ युद्धापूर्वीच नाहीसे झाले होते, हे नाकारता येत नाही.

दसऱ्याच्या दिवशी घोड्यास धुऊन व झेंडूच्या माळा घालून त्याची पूजा करण्याची आणि सीमोल्लंघनाची प्रथा या लष्करी जीवनाची आठवण जपते. आज तिचे स्वरूप केवळ धार्मिक दिसत असले, तरी एके काळी त्या दिवशी पागेची चार महिन्यांची परीक्षा होत असे. अंगणात सजविलेले जनावर पुढील आठ महिने स्वारास पाठीवर वाहून नेऊ शकेल किंवा नाही, याचा निर्णय पावसाळ्यातील दाणा, नालबंदाचे काम व मोतद्दाराची निगा यांनी आधीच केलेला असे.