अणुवीज केंद्रांतील बाष्पजनित्रे आणि गंजाशी झुंज

अणुवीज केंद्राच्या सुरक्षिततेचा विषय निघाला की सर्वांचे लक्ष अणुभट्टीकडे जाते. परंतु दाबाखालील पाण्यावर चालणाऱ्या केंद्रात तितकीच नाजूक सीमारेषा बाष्पजनित्रात असते. त्यातील हजारो बारीक नळ्यांतून सुमारे ३०० अंश सेल्सिअसचे किरणोत्सर्गी पाणी वाहते. त्या उष्णतेने नळ्यांबाहेरील पाण्याची वाफ होते आणि टर्बाइन फिरते. या दोन पाण्यांच्या आड असते ती जेमतेम एक मिलिमीटर जाडीची धातूची भिंत. ती गंजू न देणे हेच खरे आव्हान.

प्रारंभी बाहेरील पाण्यात फॉस्फेट मिसळले जाई. मात्र ते गाळात साचून नळ्या झिजू लागल्या. १९७०च्या दशकात त्याजागी अमोनिया व हायड्रॅझिन ही गाळ न ठेवणारी रसायने आली. तेव्हा नवेच दुखणे उद्भवले. नळ्यांना आधार देणाऱ्या पोलादी तबकड्या गंजल्या आणि फुगलेल्या गंजाने नळ्या आवळल्या. अमेरिकेतील सरी केंद्रात १९७६ मध्ये अशा ताणाने एक नळी फुटली; पुढे तेथील बाष्पजनित्रेच बदलावी लागली.

नळ्यांचा ‘इन्कोनेल ६००’ हा मिश्रधातूही निर्दोष नव्हता. अतिशुद्ध गरम पाण्यातही तो तडकतो, हे फ्रान्सचे आंरी कोरिऊ यांनी १९५९ मध्येच दाखवले होते. आज त्याऐवजी सुमारे ३० टक्के क्रोमियम असलेला ‘६९०’ वापरतात. आधारासाठी स्टेनलेस स्टील आले. पाण्यातील प्राणवायू व क्लोराइड काटेकोरपणे रोखले जातात आणि तळाचा गाळ पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने काढला जातो.

तरीही तपासणीला पर्याय नाही. एडी करंट चाचणीने नळ्या तपासून सदोष नळ्या बुच मारून बंद करतात. न्यूयॉर्कजवळील इंडियन पॉइंट-२ मध्ये फेब्रुवारी २००० मध्ये फुटलेल्या नळीतील दोष १९९७ च्या तपासणीत नजरेतून सुटला होता.

महाराष्ट्रालाही या प्रश्नाची झळ बसली आहे. तारापूरच्या पहिल्या दोन संचांची रचना निराळी असली, तरी त्यांत दुय्यम बाष्पजनित्रे होती. त्यांच्या नळ्या गळू लागल्याने ती वेगळी काढावी लागली आणि १९८०च्या दशकात प्रत्येक संचाची क्षमता २१० वरून १६० मेगावॉटवर आणावी लागली.