मेलेलं प्रवाळ

आधी एक कबुली. काही वर्षांपूर्वी मी ऑफिसात एक 'मेलेला' मॉड्यूल डिलीट केला होता. कोणी कॉल करत नाही, लिहिणारा कधीच सोडून गेलेला, कॉमेंट्स दिव्य. म्हटलं उडवा! महिनाअखेरीस कळलं की फक्त ३१ तारखेला चालणारा एक जॉब त्याच्यावरच उभा होता. ती रात्र मी ऑफिसातच काढली.

हे आठवायचं कारण म्हणजे एलिसन रीफ. ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यालगत २,३०० किलोमीटर पसरलेल्या ग्रेट बॅरिअर रीफचा हा एक छोटासा तुकडा. १९६७ साली क्वीन्सलँडमधल्या एका ऊस शेतकऱ्याने सरकारकडे अर्ज केला, की या रीफचा ८४ एकर भाग मला खणू द्या. कशासाठी? तर शेतात घालायच्या चुन्यासाठी. त्याचं म्हणणं साधं होतं: रीफ मेलेलीच आहे, मग बिघडलं कुठे?

आता तेव्हाचं वातावरण बघा. रीफ राखण्यासाठी वेगळा असा कायदा नव्हता, आणि रीफचा प्रचंड मोठा भाग तेल शोधणाऱ्या कंपन्यांना परवान्यांवर दिलेला होता. म्हणजे प्रश्न ८४ एकरांचा नव्हताच. एकाला परवानगी मिळाली की पुढच्यांना नाही कसं म्हणणार?

बिंगिल बे नावाच्या गावात जॉन ब्युस्ट नावाचा चित्रकार राहायचा. त्याने अर्जाची नोटीस पाहिली आणि हरकत घेतली. त्याच्यासोबत कवयित्री ज्युडिथ राइट आणि लेन वेब हा जंगलांचा अभ्यासक. एक चित्रकार, एक कवयित्री आणि एक झाडांचा माणूस! समुद्रातला तज्ज्ञ एकही नाही. उलट रीफचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांच्या जुन्या समितीचा कल 'नियंत्रित वापर चालेल' असाच होता. (मला या तिघांचं कौतुक सगळ्यात जास्त इथेच वाटतं. तज्ज्ञ गप्प असताना बोलायचं म्हणजे हसं व्हायची तयारी लागते.)

सुनावणी इनिसफेलच्या खाण-न्यायालयात होती, आणि तिथे 'रीफ जिवंत आहे' हे सिद्ध करणं भाग होतं. मग ब्रिस्बेनहून काही हौशी पाणबुडे, बरेचसे विद्यार्थीच, बोलावले गेले. त्यांनी खाली उतरून चक्क मोजणी केली: जिवंत प्रवाळाच्या ८८ जाती, शंख-शिंपल्यांच्या ६०, माशांच्या १९०. 'मेलेल्या' रीफवर!

पण मला त्याहून आवडला तो दुसरा मुद्दा. समजा काही भाग खरंच मेलेला असला, तरी? प्रवाळ म्हणजे चुन्याचं घर बांधणारा बारीक प्राणी. (अंगठीतलं लाल पोवळं याचंच नातेवाईक, पण ते रीफ बांधत नाही.) एकाच्या सांगाड्यावर दुसरा, त्यावर तिसरा, अशी हजारो वर्षं. जिवंत असतो तो फक्त वरचा पातळ थर. खालचं सगळं मेलेलंच. प्रवाळाची पिल्लं पाण्यात तरंगत येतात आणि बसायला त्यांना हाच टणक चुना लागतो. मासे, खेकडे राहतात ते याच्याच कपारींत. शिवाय खणताना उठणारा गाळ शेजारच्या जिवंत प्रवाळावर बसून त्याला गुदमरवतो ते वेगळंच. थोडक्यात, कोणी कॉल करत नाही असं वाटणारा मॉड्यूल.

अर्ज फेटाळला गेला. त्याच डिसेंबरात पंतप्रधान हॅरल्ड होल्ट, जो ब्युस्टचा मित्र होता, पोहताना समुद्रात बेपत्ता झाला. दिल्ली दरबारातला, सॉरी, कॅनबेरा दरबारातला वशिलाच गेला. तेलाची लढाई तर अजून बाकी होती. १९६९ मध्ये कॅलिफोर्नियात सांता बार्बराच्या समुद्रात तेलविहीर फुटली, ते फोटो सगळीकडे पोचले. १९७० च्या सुरुवातीला कामगार संघटनांनी रीफवरच्या ड्रिलिंगवर बहिष्कार घातला, आणि मार्चमध्ये टोरेस सामुद्रधुनीत एका टँकरमधून तेल सांडलं. मग चौकशी आयोग बसला. १९७५ मध्ये ग्रेट बॅरिअर रीफ मरीन पार्कचा कायदा झाला, १९८१ मध्ये जागतिक वारसा. ब्युस्टने यातलं काहीच पाहिलं नाही. तो १९७१ मध्ये वारला.

सुखान्त म्हणावा, तर तसंही नाही. २००४ पासून या पार्कच्या जवळपास ३३ टक्के भागात मासेमारी बंद आहे, खाणकाम तर नाहीच. पण पाणी तापलं की प्रवाळ आपल्या अंगातली शेवाळं बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. १९९८, २००२, २०१६, २०१७, २०२०, २०२२, २०२४. २०२४ पर्यंतच एवढ्या वेळा हे मोठ्या प्रमाणावर झालं होतं. गरम पाण्यावर हरकत कुठल्या न्यायालयात घ्यायची?

आणि हो, आपल्याकडेही. भारतात २००१ पासून रीफ बांधणाऱ्या प्रवाळाला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे थेट वाघाच्या पंगतीत, जागा आहे. म्हणूनच २०२० मध्ये मुंबईच्या कोस्टल रोडच्या कामात वरळी आणि हाजी अलीजवळच्या प्रवाळाच्या १८ वसाहती उचलून दुसरीकडे लावाव्या लागल्या. इतकी वर्षं त्या रस्त्याने ये-जा केली, खाली प्रवाळ आहे हे मला ठाऊकच नव्हतं! पावसाळा संपला की ओहोटीचं वेळापत्रक बघून एकदा खडकांवर फिरायला जायचं ठरवलंय. पहाटे साडेपाचला उठायची तयारी असेल तर सांगा.