दर हजारी एक : ग्राम-आरोग्यसेवकाच्या मागणीचा इतिहास

सोलापूर-वाडी लोहमार्गावरील आमचे दुधनी हे महाराष्ट्राच्या सीमेवरचे गाव. घरात कन्नड, कचेरीत मराठी आणि बाजारात दोन्ही, असा येथील लोकव्यवहार पूर्वापार चालत आलेला आहे. अशा गावातील एखादी वृद्ध स्त्री आजारी पडली म्हणजे प्रथम तिची भाषा जाणणारे माणूस लागते. वैद्यक जाणणारे त्यानंतर. सोलापूरच्या मोठ्या रुग्णालयाचा रस्ता धरण्यापूर्वी गावातच कोणी जाणते माणूस हाताशी असावे, ही गरज आमच्या वाचकांस समजावून सांगण्याचे प्रयोजन नाही. परंतु ही गरज राष्ट्राच्या धोरणात कोणी नेली, कशी नेली आणि तेथे तिचे काय झाले, हा वृत्तान्त आपल्या घरांतून फारसा कोणास ठाऊक नसतो. तो यंदाच्या स्मरणिकेत थोडक्यात मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

1938 साली काँग्रेसने पंडित जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय नियोजन समिती नेमली. तिच्या आरोग्यविषयक उपसमितीचे अध्यक्ष होते मुंबईच्या हाफकिन संस्थेचे संचालक कर्नल साहिबसिंग सोखी. दर हजार वस्तीमागे एक आरोग्यसेवक तयार करावा, त्यास स्वच्छता, प्रथमोपचार व साध्या औषधोपचाराचे शिक्षण द्यावे, अशी या नियोजनकारांची मागणी होती. देश अद्याप परतंत्र होता. मागणी कोणाकडे करावयाची हाच प्रश्न होता. तरीही ती लिहून ठेवली गेली, हे महत्त्वाचे.

पुढे 1943 मध्ये खुद्द ब्रिटिश सरकारनेच एक आरोग्य समिती नेमली. तिचे अध्यक्ष सर जोसेफ भोर हे जन्माने नाशिकचे आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेले. या समितीचा अहवाल 1946 मध्ये प्रसिद्ध झाला. पैसे नाहीत म्हणून कोणीही उपचारावाचून राहता कामा नये, हे त्याचे आधारतत्त्व. तूर्त दर चाळीस हजार वस्तीस एक प्राथमिक आरोग्य केंद्र, आणि गावोगावी ग्रामस्थांची आरोग्य समिती, अशी त्याची योजना होती. मात्र याच अहवालाने अल्प मुदतीचा अभ्यासक्रम केलेल्या, लायसेन्शिएट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या डॉक्टरांचे शिक्षण बंद करून सर्वत्र एकच पदवीधर डॉक्टर असावा असे सुचविले. काही सभासदांनी त्यास भिन्नमत नोंदविले. ते भिन्नमत दूरदर्शीपणाचे होते असे आम्हांस वाटते. कारण पदवीधर डॉक्टर शहरात राहिला आणि आपल्यासारख्या लहान गावांची जागा रिकामी राहिली. 1952 पासून समुदाय विकास योजनेबरोबर आरोग्य केंद्रे निघाली खरी, पण केंद्र आणि घर यांमधले अंतर कोणी तोडावयाचे, हे अनुत्तरितच होते.

त्याचे उत्तर मिळाले ते आपल्या शेजारच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील जामखेड येथे. डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य 1970 मध्ये तेथे आले. भाग दुष्काळी आणि दरिद्री. गावोगावी प्रशिक्षित परिचारिका ठेवाव्या असा त्यांचा पहिला विचार होता. परंतु परगावच्या एकट्या तरुणीने खेड्यात राहणे तिलाही अवघड आणि गावालाही परके. तेव्हा गावानेच आपल्यातील एक स्त्री निवडावी आणि तिला जामखेडास नियमित बोलावून शिकवावे, असा मार्ग निघाला. या स्त्रियांपैकी कित्येक निरक्षर होत्या, कित्येक दलित समाजातील होत्या. गर्भवतीची तपासणी कशी करावी, हगवण लागलेल्या मुलास साखर-मिठाचे पाणी कसे पाजावे, क्षय व कुष्ठरोग प्रथमावस्थेतच कसे ओळखावे, हे त्या शिकल्या आणि करू लागल्या. ज्या स्त्रीस पूर्वी उंबरठ्याबाहेर उभे केले जाई, तिलाच त्या घरची सून बाळंतपणास बोलावू लागली. ज्ञातिसंस्थेच्या या पानांतून हे लिहिताना आम्हांस किंचित संकोच होतो, आणि तो झाला पाहिजे. उपचाराइतकेच मोठे कार्य त्या बायांनी उंबरठ्यावर केले. जागतिक आरोग्य संघटनेने 1975 मध्ये लोकांनी चालविलेल्या आरोग्यकार्यांविषयी जो ग्रंथ काढला त्यात जामखेडचा समावेश होता, आणि 1979 मध्ये आरोळे दांपत्यास मॅगसेसे पारितोषिक मिळाले.

दिल्लीने दखल घेतली. 2 ऑक्टोबर 1977 रोजी जनता सरकारने दर हजार वस्तीस एक सामुदायिक आरोग्यसेवक नेमण्याची योजना सुरू केली. तीन महिन्यांचे शिक्षण व महिना पन्नास रुपये मानधन. संख्या तीच, सोखी समितीच्या काळातली. पण निवडले गेले ते बहुधा पुरुष, आणि पुष्कळ ठिकाणी पुढाऱ्यांच्या मर्जीतले. गर्भवती स्त्री आपले दुखणे अशा सेवकास कसे सांगणार? सेवकाचा पुढे ‘स्वयंसेवक’ झाला, मग ‘मार्गदर्शक’ झाला. नाव जसजसे बदलत गेले तसतशी योजनाही क्षीण होत गेली.

धोरणाच्या बाजूनेही खटपट थांबली नव्हती. कोल्हापूर जिल्ह्यातील शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक यांच्या पुढाकाराने समाजविज्ञान व वैद्यक या दोन्ही राष्ट्रीय संशोधन परिषदांनी एक अभ्यासगट नेमला. आरोग्यसेवा लोकांच्या हाती असावी आणि तिचा आरंभ गावापासून व्हावा, असे सांगणारा त्याचा अहवाल 1981 मध्ये आला, आणि त्याच साली नाईक निवर्तले. 1983 च्या पहिल्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात या विचाराचे शब्द दिसतात. त्यामागे उभा राहावयाचा पैसा मात्र दिसत नाही.

गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी 1986 पासून जे कार्य आरंभिले, त्याने या मागणीस आकड्यांचे बळ दिले. गावातील अल्पशिक्षित स्त्री घरीच नवजात बालकाची शुश्रूषा करू लागली तर नवजात बालकांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटतात, हे 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकाच्या पानांवर सिद्ध झाले. नुसत्या कळकळीने जे साधले नव्हते ते या पुराव्याने साधले. 2011 मध्ये ही पद्धत राष्ट्रीय कार्यक्रमात समाविष्ट झाली.

दुसरीकडे जनमताचा रेटा उभा राहत होता. 2000 च्या डिसेंबरात कोलकात्यास जनस्वास्थ्य सभा भरली व जनस्वास्थ्य अभियानाचा पाया घातला गेला. महाराष्ट्रातील कार्यकर्ते त्यात अग्रभागी होते. 2004 मध्ये अभियानाने राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाबरोबर देशाच्या निरनिराळ्या विभागांत जनसुनावण्या घेतल्या. उपचार नाकारले गेलेली माणसे स्वतः उभी राहून हकिकत सांगत आणि अधिकाऱ्यांस तेथेच उत्तर द्यावे लागे. आपल्यासारख्या संस्थांना ठराव करून तो वर पाठविण्याची सवय आहे. ठरावाची पोच येते आणि विषय संपतो. येथे तसे झाले नाही. 2007 पासून महाराष्ट्रातील ज्या पाच जिल्ह्यांत लोकांनीच आरोग्य केंद्रांवर देखरेख करण्याचा प्रयोग सुरू झाला, त्यांत आपल्या शेजारचा उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, हा जिल्हाही होता. औषधे आहेत की नाहीत, परिचारिका येते की नाही, याचा निकाल ग्रामस्थ आपल्या हाताने तक्त्यावर मांडीत.

एप्रिल 2005 मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले आणि त्याबरोबर ‘आशा’ आली. दर हजार वस्तीस एक, स्त्री, आणि त्याच गावची रहिवासी. सोखींची संख्या आणि जामखेडची निवड प्रथमच एका सरकारी कागदावर एकत्र आली. आमच्या सीमाभागास याचा लाभ विशेष. कन्नड बोलणाऱ्या घरात कन्नड बोलणारी बाई जाते. तिला दुभाषा लागत नाही.

परंतु या कागदावर एक शब्द जुनाच राहिला. आशा ही सरकारच्या लेखी स्वयंसेविका आहे; तिला पगार नसून कामागणिक मोबदला व काही ठरावीक रक्कम मिळते. 2013 च्या भारतीय श्रम परिषदेने अशा योजनांवर राबणाऱ्यांस कामगार म्हणून मान्यता द्यावी अशी शिफारस केली. ती अमलात आली नाही. करोनाच्या साथीत याच स्त्रिया दारोदार फिरून रुग्ण शोधीत होत्या. जून 2021 मध्ये महाराष्ट्रातील आशांना संप करावा लागला. मे 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा जिनीव्हा येथे गौरव केला. आणि 2023 व 2024 मध्ये मोबदल्यासाठी त्यांना पुन्हा संपावर जावे लागले. मार्च 2024 मध्ये राज्य शासनाने रकमेत वाढ केली. त्यांचा स्वयंसेविकेचा दर्जा तेवढा तसाच राहिला.