सिंगापूरच्या पाण्यावरची जाळी

वाहत्या पाण्याचे गणित संगणकावर सोडवायचे, तर आधी त्या जागेचे लहान लहान कप्पे पाडावे लागतात. कप्प्यांची ही जाळी कशी विणली आहे, यावर उत्तराची अचूकता अवलंबून असते. अमेरिकेत जो थॉम्पसन आणि सहकाऱ्यांनी १९७४ साली वेड्यावाकड्या कडेला बिलगणारी वक्र जाळी आखण्याची पद्धत मांडली. सिंगापूरच्या किनाऱ्याला पुढे अशीच जाळी उपयोगी पडली.

तिथला समुद्र मुळातच अवघड आहे. अंदमान समुद्राकडून येणारी भरती प्रामुख्याने दिवसातून दोनदा येते, तर दक्षिण चीन समुद्रात एकवारी भरतीचा जोर मोठा. दोन्हींची गाठ सिंगापूरच्या सामुद्रधुनीत पडते. त्यामुळे बेटापुरते पाणी घेऊन भागत नाही. या शतकाच्या पहिल्या दशकात ‘डेल्फ्ट थ्रीडी’ या डच प्रणालीवर बेतलेल्या ‘सिंगापूर रीजनल मॉडेल’ची सीमा म्हणूनच थेट अंदमान, दक्षिण चीन आणि जावा समुद्रांपर्यंत नेलेली आहे. एवढ्या पसाऱ्याला कप्पे मात्र सुमारे ३८,५०० च. सीमेवरचा कप्पा १५ किलोमीटरपर्यंत रुंद, बेटाजवळचा दोन-तीनशे मीटरचा. ही वीण एकदम घट्ट करता येत नाही. शेजारच्या कप्प्यांचे आकार हळूहळू बदलावे लागतात आणि रेषा शक्यतो काटकोनात छेदाव्या लागतात. नाहीतर जाळीचीच चूक प्रवाह म्हणून दिसू लागते.

सिंगापूर आणि मलेशिया यांच्यामधल्या जोहोरच्या सामुद्रधुनीत १९२४ पासून कॉजवे, म्हणजे रस्त्याचा बांध, आडवा आहे. त्याच्या दोन्ही बाजू एकाच कप्प्यात आल्या, तर कागदावरचे पाणी बांधातून आरपार जाईल. म्हणून जाळीची एक रेषा नेमकी बांधावरून न्यावी लागते. त्यात किनाराही स्थिर नाही. १९६० च्या सुमारास देशाचे क्षेत्रफळ ५८० चौरस किलोमीटरच्या आसपास होते. भराव घालून ते ७३० च्या वर गेले. काल जिथे पाण्याचे कप्पे होते, तिथे आज जमीन आहे.

या भरावांवरून प्रकरण आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणापर्यंत गेले. सिंगापूरच्या तुआस आणि पुलाऊ तेकोंग इथल्या भरावाविरुद्ध मलेशियाने २००३ मध्ये हॅम्बुर्गच्या सागरी कायदा न्यायाधिकरणाकडे दाद मागितली. ऑक्टोबरच्या आदेशानुसार स्वतंत्र तज्ज्ञांचा गट नेमला गेला आणि डेन्मार्कच्या डीएचआय संस्थेने प्रवाहांचा अभ्यास केला. एप्रिल २००५ मध्ये तडजोड झाली. तेकोंगजवळच्या एका टापूच्या किनाऱ्याची आखणी सिंगापूरने बदलली. संगणकी अभ्यासाच्या आधारे किनारा बदलल्याची अशी उदाहरणे विरळाच.

त्याच वर्षी पर्यावरणपूरक इमारतींसाठी ‘ग्रीन मार्क’ मानांकन सुरू झाले आणि इमारतींभोवती हवा कशी खेळते हे तपासताना जाळीचे काम पाण्यावरून वाऱ्याकडेही वळले. सरकारी गृहसंकुलांचा तळमजला बहुधा मोकळा असतो. वारा तिथून वाहतो. हा मजला जाळीत ठोस धरला तर अंगणातल्या वाऱ्याचे उत्तर चुकते. २०१४ मध्ये ‘व्हर्च्युअल सिंगापूर’ हा शहराच्या त्रिमितीय प्रतिकृतीचा प्रकल्प जाहीर झाला. पण बघण्यासाठी केलेली प्रतिकृती वाऱ्याच्या गणिताला जशीच्या तशी चालत नाही: भिंतींमधल्या फटी बुजवाव्या लागतात, एकमेकांत घुसलेली छपरे वेगळी करावी लागतात आणि गणिताला निरुपयोगी बारकावे काढून टाकावे लागतात. शिवाय मोसमी वारे वर्षातून दोनदा दिशा बदलतात, त्यामुळे एकाच दिशेसाठी आखलेली जाळी अपुरी ठरते.