तेहतीस पानांचे पत्र

वकिलाचे पत्र म्हटले की आपल्या पोटात आधी गोळा उठतो. बांधाची तक्रार असेल, नाहीतर घर खाली करण्याची नोटीस! पण १९३८ साली अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट या लहानशा गावाहून एका वकिलाने जे पत्र धाडले, त्यात कुणावर दावा नव्हता. ३३ टंकलिखित पानांचे ते पत्र एका बापाने आपल्या पाच वर्षांच्या मुलाविषयी एका डॉक्टरला लिहिले होते.

बीमन ट्रिपलेट हे त्या वकिलाचे नाव. शिक्षण येल विद्यापीठातले, वकिली चांगली चाललेली. पत्नी मेरी हिच्या माहेरची गावात बँक. १९३३ च्या ८ सप्टेंबरला त्यांना डोनाल्ड झाला. वर्षाचा असतानाच हे पोर गाण्यांच्या चाली बिनचूक गुणगुणे. पुढे बायबलातले स्तोत्र आणि धर्मशिक्षणाची २५ प्रश्नोत्तरे त्याने घडाघडा पाठ केली. पण बाप बाहेरून घरी आला तर त्याला त्याचे काही नाही. हाक मारली तर ओ नाही. घरातली भांडी, ठोकळे, जे गोल फिरेल ते फिरवीत बसावे, हाच त्याचा आनंद. मुलाला सोबत मिळावी म्हणून बापाने अनाथाश्रमातून त्याच्याच वयाचा एक गोड मुलगा उन्हाळ्यापुरता घरी आणला. डोनाल्ड त्याच्याशी एक शब्द बोलला नाही. हा प्रसंग वाचताना मला त्या दोन मुलांइतकीच दारात उभ्या राहिलेल्या बापाची मूर्ती दिसते.

१९३७ साली डोनाल्डला एका आरोग्यधामात ठेवण्यात आले. त्याची चार वर्षेही पुरी झाली नव्हती. आईबापांना महिन्यातून दोनदाच भेट. तिथे तो वाळत गेला, एका जागी निश्चल बसून राहू लागला. वर्षभराने आईबाप त्याला न्यायला आले, तेव्हा तिथल्या प्रमुखांनी ‘आता बरे चालले आहे, राहू द्या’ असाच सल्ला दिला. आईबापांनी ऐकले नाही. मुलाचा अहवाल मागितला तो अर्ध्या पानात आला. ग्रंथींचा काही विकार असावा, एवढेच त्याचे सार.

त्या अर्ध्या पानाशेजारी बापाची ३३ पाने ठेवून पाहावीत! ती बाल्टिमोरच्या जॉन्स हॉप्किन्स रुग्णालयातील डॉ. लिओ कॅनर यांच्या हाती पडली. ऑक्टोबरात त्यांनी मुलाला तपासले, पुढे तशीच आणखी मुले पाहिली, आणि १९४३ साली ११ मुलांवरचा आपला प्रसिद्ध निबंध लिहिला. ज्याला आज आपण स्वमग्नता म्हणतो, तिच्या अभ्यासाचा पाया या निबंधाने घातला. त्यातला पहिला मुलगा म्हणजे हा डोनाल्ड.

आणि इथेच दैवाने थट्टा केली. ज्या बारकाव्यांवर निबंधाची उभारणी झाली, त्यांतच डॉक्टरांना बापाचा अतिरेकी काटेकोरपणा दिसला. रस्त्याने चालताना हे गृहस्थ विचारात इतके गढतात की त्यांना कोणी दिसत नाही, अशीही नोंद झाली. व्यंग जन्मजात असावे असे कॅनर यांनी त्याच निबंधात म्हटले होते. पण पुढे त्यांच्याच लेखणीतून आईबापांच्या थंडपणाची भाषा आली. १९६७ साली ब्रूनो बेटेलहाइम यांनी तर आपल्या ग्रंथात दोषाचा रोख आईबापांवरच धरला. किती घरांनी हा डाग मुकाट्याने सोसला असेल! त्याला शास्त्रीय उत्तर दिले तेही एका बापानेच. बर्नार्ड रिमलँड हे मानसशास्त्रज्ञ. त्यांचा स्वतःचा मुलगा स्वमग्न होता. दोष पालकांचा नसून विकार शरीरातला आहे, असे त्यांनी १९६४ च्या आपल्या पुस्तकात मांडले. १९६९ साली खुद्द कॅनर यांनी पालकांच्या सभेत त्यांना दोषमुक्त केले.

इकडे फॉरेस्टमध्ये मूल मोठे होत होते. १९४२ साली डोनाल्डला जवळच्या एका निपुत्रिक शेतकरी जोडप्याकडे ठेवले गेले. मक्याच्या ओळी पुन्हापुन्हा मोजायची त्याला खोड. शेतकरी रागावला नाही. त्याने हाती नांगर दिला आणि नांगरता नांगरता ओळी मोजायला लावल्या. मोजमापाचा नाद होता, तर विहीर खणायला लावून तिची खोली विचारली! भेटीला आलेले कॅनर त्याचे नांगरणे पाहून थक्क झाले.

पुढे शाळा झाली, १९५८ साली तो पदवीधर झाला आणि घरच्या बँकेत कामाला लागला. २७ व्या वर्षी मोटार शिकला, गोल्फ खेळू लागला. राहिला मात्र आईबापांजवळच. पण आईबाप किती दिवस पुरणार? १९८० साली बीमन मोटार अपघातात गेले, १९८५ साली मेरी गेली. तोवर गावाने डोनाल्डला आपला मानले होते, आणि खर्चाची सोय कुटुंबाने विश्वस्तनिधी करून लावली. त्याच घरात राहून तो एकट्याने देशोदेशी हिंडून येई. पुढे दोन पत्रकार त्याचा शोध घेत आले, तेव्हा त्याला दुखवाल तर खबरदार, असे गावकऱ्यांनी त्यांना बजावले. १५ जून २०२३ रोजी, ८९ व्या वर्षी, डोनाल्ड निवर्तला.

घर सधन होते, गोरे होते, बँक घरची होती, हे विसरून चालणार नाही. त्या ११ मुलांपैकी जी सरकारी इस्पितळांत खितपत पडली, त्यांची असलेली बुद्धीही मावळली, असे १९७१ साली कॅनर यांनीच नमूद केले आहे. ‘आमच्यामागे याचे काय?’ हा प्रश्न आपल्या घरांतूनही रात्री दिवा मालवल्यावर विचारला जातो. आपल्याकडच्या १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याच्या मुळाशी तोच आहे.

आम्ही मास्तर मंडळी प्रगतिपुस्तकात ‘लक्ष नाही’ असे दोन शब्द लिहून मोकळे होतो. ट्रिपलेट वकिलांची हकिकत वाचल्यापासून तो शेरा लिहिताना माझा हात अडखळतो. लक्ष नाही खरे. पण ते कुठे आहे, हे पाहायला आपण त्या मुलाशेजारी किती वेळ बसलो?